बघून बघून

“लागलं, लागलं! आवाज वाढवा!” नवरा ओरडला आणि खोलीतली सगळी माणसं टीव्हीकडे अशी झुकली, की मागे बसलेल्या सासूबाईंना काही म्हणजे काही दिसेना.

पडद्यावर वहिनी होती. गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणायचे. मांडीशी पंख्याची उघडी मोटार, बोटांत तांब्याची तार, आणि टीव्हीवालीनं बळंच पुसायला लावलेल्या घामाच्या जागी नवा घाम. जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारी बाई, म्हणून तिच्यावर कार्यक्रम होता. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. ते मुळात सांभाळायच्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. लग्न मोडून परत आल्या, बापाच्या दुकानात बसल्या, त्या बसल्याच.

“हे काम कुणी शिकवलं तुम्हाला?” टीव्हीवालीनं विचारलं.

“कुणी शिकवलं नाही,” पडद्यावरची वहिनी म्हणाली. “बघून बघून आलं.”

आणि जाहिरात लागली.

“एवढंच?” वहिनी किंचाळली. “अहो, पुढे मी वन्संबद्दल केवढं बोलले होते! सगळं कापलं मेल्यांनी!”

पण ऐकतंय कोण? लेक तिच्या गळ्यात पडली होती. “आई, स्वतःच्या बळावर! भारी बोललीस!” नवऱ्याची छाती फुगली, त्याच्या लेखी ही दुकानाची फुकटातली जाहिरात होती. शेजारीणबाईंनी नाक मुरडलं, “घरात कुणी काही शिकवलं नाही, हे असं चारचौघांत सांगायचं असतं होय?” तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक. “वहिनी, कुणी शिकवलंच नाही म्हणता, तर आमचा मिक्सर तेवढा परत द्या हो!”

सगळे खो खो हसले. हसल्या नाहीत त्या सासूबाई.

“जिच्या शेजारी बसून चार घास कमवायला शिकलीस, तिचं नाव घ्यायला जीभ झडली का गं तुझी?”

हसू विरलं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे बसलेल्या वन्सं उठल्या आणि दुकानात गेल्या.

 वहिनी मागोमाग धावली.

“वन्सं, शूटिंगच्या वेळी तुम्ही तिथेच होतात ना! मी तुमचं नाव घेतलं होतं की नाही? तुम्हीच सांगा आत सगळ्यांना!”

“ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?” वन्संनी दिवा लावला. त्यांचे गाल लाल झाले होते. “नाव घेतलंस की नाही, ते मला नाही ठाऊक. पुढचं मी ऐकलंच नाही.”

“म्हणजे?”

“खरं तेच बोललीस. मला कुठे शिकवता येतं? बोलायला लागले की हात थांबतो. पण बघून बघून म्हणालीस. कुणाकडे बघून?”

“तुमच्याकडे! आणखी कुणाकडे?”

“तेच तर!” वन्संनी चक्क टाळी वाजवली. “अगं, या घरात इतकी वर्षं वावरतेय, माझ्याकडे कुणी धड मान वर करून बघितलं नाही. तू बघत होतीस. इतकं, की अख्खं काम आलं तुला!”

 आतून लेकीची हाक आली, “पुन्हा दाखवतायत, या लवकर!” वन्संनी वहिनीचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं. सासूबाईंनाही बाजूला सारून दोघी अगदी पुढे बसल्या.

या खेपेला वहिनीनं स्वतःकडे बघितलंच नाही. पडद्याच्या कडेला, अर्धी कापलेली, एक पाठ वाकलेली होती. अंबाडा सैल झालेला, तार ओढणारं कोपर लयीत मागेपुढे होत होतं. “कुणी शिकवलं नाही,” या शब्दांनी त्याची लय जराही बिघडली नाही.

“बघून बघून आलं,” म्हटल्यावर मात्र ते कोपर हवेत थांबलं.