चार स्लीपरांखालचं तीर्थ

माझ्या थोरल्या मुलीला पहिलं मूल झालं, त्या वर्षी स्टेशनापुढच्या वळणावर रुळाखालून तीर्थ येऊ लागलं. गाडी गेली की रुळाखाली आडव्या टाकलेल्या चार स्लीपरांखालून गढूळ पाणी वीतभर उसळायचं आणि बाटल्या घेऊन शंभरेक माणसं धावायची. पुढे दाढीवाले महाराज.

"एवढी लोखंडाची गाडी, पण देवीआईपुढे तीही भक्त! ती आली की आई उसळते. सांधे, मूळव्याध, नोकरीत बढती, काहीही मागा!"

"आमची रुळावरची ढकलगाडी जाते तेव्हा आई उसळत नाही," मी म्हणालो. "हलका भक्त चालत नाही का?"

"हा कोण टवाळ?"

"आमचे धाकटे भावजी आहेत, महाराज. तोंडाने फटकळ, मनावर घेऊ नका," बाटली भरता भरता वहिनी म्हणाली. तिचे गुडघे वर्षभर धरलेले होते.

रुळाची देखभाल आमच्या टोळीकडे. मुकादम माझा सख्खा भाऊ. स्लीपरखालची खडी खचली की नवी घालून ठोकून बसवायची, हे आमचं रोजचं काम. पण या चार स्लीपरांना दोन महिने कुणी हात लावला नव्हता. तपासणीच्या वहीत मात्र रोज 'ठीक'.

"दादा, रूळ दबतोय. एक दिवस डबे आडवे होतील."

"तिथे पहार लावायची नाही. तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांची सूज उतरलीय."

"सूज कसली, वहिनी स्वतःच उतरलीय. ते पाणी पिऊन आठवडाभर जुलाब होतायत तिला!"

"आतली घाण बाहेर पडतेय. महाराजांनीच सांगितलंय."

पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते. मग पाणी येतं कुठून? सकाळी मी रुळाकडेच्या गटारातून चालत गेलो. महाराजांच्या तंबूमागे वाळूची पोती रचून गटार बुजवलेलं होतं. स्टेशनात धुतलेल्या डब्यांचं आणि संडासांचं पाणी तिथे अडून आमच्या स्लीपरांखाली मुरत होतं.

मी सगळ्यांदेखत पोती उपसली.

"पाप्या, आईची वाट अडवतोस?"

"मी उघडली, महाराज. अडवली होती तुम्ही."

पाणी भसाभसा निघालं. वास सुटला तशी लोकांनी नाकं दाबली.

दोन दिवसांनी टोळीला घेऊन तिथे उभा राहिलो. गाडी आली, स्लीपर दबले, पण थेंब उसळला नाही. खाली नुसती पोकळी होती. तीत पाणी असलं की गाडीच्या वजनाने पिचकारी उडायची, इतकंच. भावाने त्या पोकळीत हात घालून पाहिला. मग त्याने स्वतःच पहार उचलली. तंबू आदल्या रात्रीच उठला होता.

पाणी कुठून येतं, हे विचारायला शाळा लागत नाही. कोणी काही प्यायला दिलं तर आधी ते विचारा. आणि रुळाशी काम करत असाल, तर न बघता 'ठीक' लिहू नका.

आम्ही खडी ठोकून बसवली त्यानंतर नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, वहिनी जुलाबाने दवाखान्यात वारली.