पल्लवीताई, रेंज दे

"काकू, ते पातेलं जरा बाजूले घ्या ना. भिंतीचा बुक्का पडून राह्यला खिचडीत." शिडीवरून वसीम ओरडला. तो रिसोडचा, शाळाशाळांतून नेटची केबल ओढायचं काम करायचा.

"पडू दे बाबा. सरकारी खिचडी हाय, तेवढीच चव येईन," भागिरथा म्हणाली. म्हणाली खरी, पण पातेलं तिनं सरकवलं.

केनवडच्या अलीकडच्या या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भागिरथा कैक वर्षांपासून खिचडी शिजवत होती. शाळेत नेट येणार, येणार असं हेडमास्तर हरिसिंग सरांनी इतक्यांदा सांगितलं होतं की पोरंसुद्धा तोंड दाबून हसायची. सरकारी काम अन् सहा महिने थांब! आज मात्र भिंतीला खरोखर भोक पडत होतं, आणि भागिरथेला एकच गोष्ट विचारायची होती.

"कारे भाऊ, याची रेंज त्या विहिरीपर्यंत जाईन का?"

वसीमनं खिडकीतून मागं पाहिलं. "नाही जात, काकू. वर्गात अन् व्हरांड्यात, बस. काहून? मासोळ्यांची शाळा भरवाची हाय का तिथं?"

हरिसिंग सर एकदम खोकले. वसीमला काय माहीत! तो बापडा हसतच राहिला.

"नाही जात त बरंच हाय," भागिरथा म्हणाली आणि तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

खिचडीच्या खोलीमागंच ती विहीर होती. साऱ्या गावात फोनला रेंज मिळायची ती फक्त तिच्या कठड्यावर. शिरपूरचा टॉवर तेवढ्याच जागी लागायचा. कोरोनात शाळा बंद पडल्या, शिकवणं फोनवर आलं, आणि भागिरथेची आठवीतली पल्लवी रोज बापाचा फोन घेऊन त्या कठड्यावर बसू लागली. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट. एका दुपारी ती घरी आलीच नाही. तिचा बाप शेषराव दोर धरून स्वतः आत उतरला. पोरगी सापडली, फोन अजून तळाशीच आहे.

लोक आले, हळहळले. पंचायतीनं विहिरीवर जाळी टाकली, ती गंजून एका अंगानं खचली. आणि पोरं? पोरं ऐकतात होय! रेंज दुसरीकडं नव्हतीच. कोणत्या लेकरानं सुरू केलं कोण जाणे, पण कठड्यावर चढलं की पेपरमिंटची एक गोळी ठेवायची आणि हाक मारायची, "पल्लवीताई, रेंज दे." मग थांबायचं. जरा वेळानं फोनवर कांड्या उभ्या राहिल्या की गलका व्हायचा. दिली रे, ताईनं दिली! ज्यांनी पल्लवीला कधी पाहिलंही नव्हतं, तीही लेकरं तिला ताई म्हणायची.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा भागिरथेच्या हातून परात पडली. शेषरावला सांगितलं तर तो उखडला. "थोबाडं फोड एकेकाची. आपल्यात भूतखेत मानतात का?" खरंच होतं ते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली निजणारी माणसं ही. मेलेलं माणूस परत येत नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती पळी घेऊन विहिरीकडं धावायची. "उतरा खाली! टांगडेच तोडतो एकेकाचे!"

पण खरं सांगायचं तर ती लगेच धावायची नाही. आधी दाराआड उभी राहायची. हाक पुरी होऊ द्यायची आणि मगच बाहेर पडायची. घरात शेषराव पोरीचं नाव काढत नसे, काढू देत नसे. पल्लवी, अशी मोठ्यानं हाक आता साऱ्या जगात एकाच जागी ऐकू यायची, आणि तिची सख्खी आई ती चोरून ऐकायची. जीव तीळतीळ तुटायचा. तरी दुसऱ्या दिवशी कान तिकडंच.

वसीमनं भिंतीवर बसवलेल्या नेटच्या डब्यातला हिरवा दिवा लागला आणि शाळेचं रूपच पालटलं. पडद्यावर चंद्र काय, बेडकाचं काळीज काय! मध्येच अडकणं नाही, गोल गोल फिरणं नाही. हरिसिंग सर तर नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. शाळा सुटली तरी डबा चालू ठेवायचे, म्हणजे मोठी पोरं व्हरांड्यात बसून अभ्यास करतील.

"आता नाही जात रे विहिरीवर?" खिचडी वाढता वाढता भागिरथेनं एकदा उगाच विचारलं.

"कायले जाचं, काकू? इथंच फुल्ल हाय!"

तिला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, चार दिवस. मग मागची सुनी विहीर खायला उठली. तांदूळ निवडताना ती मध्येच मान वर करायची. कोणी हाक मारली का? कोणीच नसायचं. आपली पोर दुसऱ्यांदा गेली, असं तिला वाटायचं, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

मग एक दिवस रस्ता खोदणाऱ्या मशीननं केबल तोडली. पडद्यावर चंद्रावर उतरणारं यान अधांतरीच राहिलं. सर मोटारसायकलला किक मारून केनवडकडं निघाले, पोरांना मधली सुट्टी झाली. भागिरथा ताटल्या विसळत होती.

"पल्लवीताई, रेंज दे!"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आली! माझी बाई आली! ती धावत दाराआड जाऊन उभी राहिली. हाक संपली. पळी खुंटीला होती. तिनं ती घेतली नाही.

"दे ना वो, पल्लवीताई!"

आणखी एकदा म्हणा. एकदाच, माझ्या मायांनो. भागिरथेनं डोळे मिटून घेतले.

जाळी करकरली. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला.

ती कशी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. गफ्फार दुकानदाराची नात, तिसरीतली आयत, कठड्यावर पोटावर पडून खाली वाकली होती. तिची चप्पल पाण्यात गेली होती. भागिरथेनं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं, छातीशी आवळलं, पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा आवळलं. एका मोठ्या पोरानं हातातला फोन पाठीमागं लपवला.

"मारता काहून, काकू?" आयत हुंदके देत म्हणाली. "आमी त ताईले रेंज मांगून राह्यलो."

"पल्लवीताई नाही इथं."

"हाय ना! तेच त देते."

नुसतं रागावलं तर उद्या पोरं पुन्हा येणार. इतकी वर्षं पळी उगारून काय झालं होतं?

"रेंज टावर देते, बाई," ती म्हणाली. "शिरपूरचा टावर. पल्लवी काई देत नाही. ते मेली. येथंच पडून मेली, मी पाह्यली माह्या डोयानं. मेलेलं मानूस येत नसते."

आयत तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "मंग आमी कोनाले हाक मारत होतो?"

"कोनालेच नाही," भागिरथा म्हणाली.

पोरं एकेक करून कठड्यावरून उतरली आणि शाळेकडं चालू लागली. सगळ्यांच्या मागून भागिरथा निघाली, आयतला कडेवर घेऊन, तिचं उघडं पाऊल मुठीत घट्ट धरून.