दोनशे बारा घरांचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुने लिहायचे पॅड आहे. भुशाची दाबून केलेली फळी आणि वर लोखंडी चाप, एवढाच माझा देह. माझी भावंडे कुणी शाळेत गेली, कुणी दवाखान्यात. मी मात्र लोकांच्या घरांची पाहणी करून सल्ला देणाऱ्या एका कंपनीत लागले.

तिथल्या पाहणी करणाऱ्या ताईंबरोबर मी सहा वर्षे दारोदार हिंडले. त्यांच्या घामाने माझा एक कोपरा काळा पडला. "हे पॅड आहे म्हणून माझं अक्षर सरळ येतं," असे त्या म्हणाल्या की माझ्या लाकडी अंगावरही मूठभर मांस चढायचे.

मग बंद कारखान्यामागच्या वस्तीचे काम आले. दोनशे बारा घरे पाडून तिथे इमारती उभ्या राहायच्या होत्या. कुणाला कसे घर हवे, ते विचारायचे होते. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या उंबऱ्यावर ताई मला मांडीवर घेऊन बसल्या.

"नव्या घरात काय हवं, मावशी?"

"तळमजला हवा गं, आणि दार रुंद. लेक एकोणीस वर्षांची आहे, चाकाच्या खुर्चीत असते. तिला उचलून उचलून माझी कंबर गेली."

आतून लेक ओरडली, "आणि खिडकी खाली हवी! बसल्या बसल्या रस्ता दिसला पाहिजे. लिहिलंत का?"

ताईंनी शब्द न् शब्द लिहिला.

महिन्याभराने अहवाल छापून आला. त्यात होते, 'बहुतेक रहिवासी कुठल्याही मजल्यावर राहण्यास तयार आहेत.' ताई मला काखेत मारून तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"सर, असं कुणीच म्हणालं नाही."

"बांधणाऱ्यांना असंच हवंय. आणि लोकांना काय कळतं, त्यांना काय हवं ते?"

"मग विचारलं कशाला?"

साहेबांनी फाइलमध्ये डोके घातले. मित्रांनो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपायच नाही! हातातली कामे टाकून माणसांनी मनातले सांगितले, आणि या गृहस्थाने त्यावर खुशाल बोळा फिरवला!

पुढे वस्तीतल्या लोकांची सभा भरली. तिथे सरकारी अधिकाऱ्यांसमोर अहवाल वाचला जात होता, तेव्हा मावशी ताडकन उठल्या. "हे मी बोललेच नाही!" ताईंनी त्यांना विचारून त्यांचा फॉर्म मोठ्याने वाचला. मागून आवाज आला, "माझाही वाचा." मग आणखी एक. शेवटी सारी सभा उभी राहिली. अधिकाऱ्यांनी अहवाल परत केला आणि पाहणी दुसऱ्यांकडून नव्याने करवली. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांना तळमजला मिळाला. मावशींच्या लेकीला हवी तशी खिडकीही मिळाली.

ताईंची नोकरी मात्र गेली. "कंपनीचं सामान इथेच ठेवा," असे साहेबांनी बजावले, म्हणून मी मागे राहिले. साहेबांच्या टेबलाचा एक पाय डगमगतो, त्याखाली मला सारले आहे.

मला काढा, पुसा, असे मी म्हणत नाही. एवढेच सांगते. कुणाच्या दारात जाऊन विचाराल, तर मिळेल ते उत्तर जसेच्या तसे पोहोचवा. तेवढी हिंमत नसेल, तर त्यांची कडी वाजवूच नका.