इंजिनातली चेटकीण आणि बर्फातला रुमाल

एजुरा गावच्या लॉरी स्टँडवर त्या दुपारी कोनफळं विकणाऱ्या बायकासुद्धा आपल्या ढिगांपाशी नव्हत्या. सगळी गर्दी एका उघड्या बॉनेटभोवती. बॉनेट अम्पोन्साच्या निळ्या पिकअपचं, आणि त्यावर वाकलेले प्रॉफेट एलीशामा. पांढरा सूट, पांढरे बूट, हातात माइक.

"सापडली!" प्रॉफेट गरजले. "तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाय पसरून बसलीय. निघ! अग्नी! अग्नी!"

"अग्नी!" गर्दी ओरडली.

"आता डिझेलच्या नळीत शिरली. काय गं, तहान लागली? निघ म्हणतो ना!"

चेटकिणीला इंजिनाचा इतका नकाशा पाठ असता तर तिने गॅरेजच नसतं का टाकलं? पण हा प्रश्न तिथे कुणाला पडेल तर शपथ. प्रॉफेटांच्या चेल्याने एक थर्मासची पेटी उघडली. आतल्या बर्फातून ओलाचिंब, गारेगार रुमाल काढून त्यांच्या हाती दिला. प्रॉफेटांनी तो बॅटरीमागे कुठेतरी अलगद पसरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती इतकी लांबली की मागच्या रांगेतल्या बायका उकिडव्या बसल्या. शेवटी त्यांनी बोट वर केलं. अम्पोन्साने किल्ली फिरवली, आणि मघापासून ढिम्म पडलेलं इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

स्टँड दणाणून गेला. कुणी नाचलं, कुणी रडलं. असा चमत्कार होण्याची ही काही पहिली खेप नव्हती. गाडी तासभर धावायची, उन्हात कुठेतरी मान टाकायची, प्रॉफेटांचा रुमाल लागला की उठायची.

अम्पोन्सा मात्र खूश नव्हता. समोर कडुनिंबाखाली बाकावर सेरवा मावशी गाठोडं घेऊन बसली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पहाटेपासून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, उकडून विकली, त्यातून तो ड्रायव्हर झाला, त्यातूनच ही पिकअप आली. मागच्या फळीवर त्याने 'सेरवाची कृपा' असं रंगवून घेतलं होतं. मागच्या महिन्यात प्रॉफेटांच्या सांगण्यावरून ते खरवडून काढलं.

कारण चेटूक चालतं ते आईकडच्या रक्तावरच, अशी त्या मुलखातली समजूत. गाडी बिघडली तर वैरी शोधायला गावभर फिरायची गरज नाही, आपल्याच चुलीपाशी बसलेल्या म्हातारीकडे बघायचं. "चावणारा किडा आपल्याच कापडात असतो," असं प्रॉफेट म्हणाले होते. आज तो मावशीला याच गाडीतून त्यांच्या प्रार्थनाछावणीत पोचवणार होता. तिथे संशयितांना साखळीने बांधतात, कबूल होईपर्यंत उपाशी ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. "तुझ्या मावशीला सांभाळून घेतील," असं प्रॉफेटांनी सांगितलं होतं, आणि त्याने ते मानून घेतलं होतं. माणसाला सोयीचं असलं की तो काहीही मानतो.

"अरे, मी तुझ्या गाडीचं काय करणार?" मावशी सकाळी एवढंच म्हणाली होती. "मला तर तिची पायरीसुद्धा उंच पडते."

अम्पोन्साचा जिवलग मित्र आसियामा तेव्हा शेजारीच होता. दोघं एका बाकावर शिकलेले, एका ताटात जेवलेले. गाडीचं सगळं काम आसियामाकडे. "पंप बघितला, फिल्टर बदलला, बॅटरी नवी," तो मान हलवत म्हणाला होता. "माझी विद्या संपली, अम्पोन्सा. हे आपल्या हातातलं नाही." प्रॉफेटांकडे त्याला पहिल्यांदा नेलं तेही आसियामानेच.

"झालं का तुमचं?" गर्दीतून एक खणखणीत आवाज आला. "माझी कोनफळं त्या गाडीत उकडायला लागलीत!"

तांत्रिक शाळेत गाड्यांची वीज शिकवणाऱ्या डुफी मॅडम. शाळेच्या खाणावळीचं सामान गाडीत होतं आणि त्या स्वतः घामाने निथळत होत्या. आवाज मोठा, तोंड त्याहून मोठं.

"प्रॉफेट, चेटकीण गेली ना?"

"गेली, भगिनी. अग्नीने जळाली."

"मग रुमाल बर्फात कशाला ठेवता?"

काही जण हसले. प्रॉफेट हसले नाहीत. "पवित्र वस्तू गारच ठेवतात," ते म्हणाले.

"असं होय! ड्रायव्हर, गाडी बंद करू नकोस." मॅडमनी रुमाल उचलून बाजूला टाकला. खाली तळहाताएवढी काळी धातूची पेटी होती. प्रॉफेटांनी एवढ्या मोठ्या इंजिनात नेमकी तीच जागा निवडली होती. पलीकडे केस विंचरून देणाऱ्या बाईची टपरी होती. मॅडम तिथून केस वाळवायचं यंत्र लांब वायरीसकट घेऊन आल्या आणि त्याची गरम हवा त्या पेटीवर सोडली.

"हे काय करता?" आसियामा पुढे झाला. "पेटी जळेल!"

"इंजिनाशेजारी याहून जास्त तापते ती. तुला माहीत नाही? मेकॅनिक ना तू?"

थोड्या वेळाने इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं.

"पाहिलंत!" प्रॉफेटांनी माइक उचलला. "म्हातारीने पुन्हा—"

"म्हातारी तिकडे शेंगदाणे सोलतेय," मॅडम म्हणाल्या. "ड्रायर माझ्या हातात आहे. चेटकीण मी असेन तर मला न्या छावणीत. पण माझं जेवण झाल्याशिवाय नाही हं."

आता लोक खळखळून हसले. मॅडमनी पिशवीतून स्कॅनर काढून गाडीला जोडला. "हा गाडीच्या मेंदूशी बोलतो. ही काळी पेटी म्हणजे तो मेंदू. डिझेल किती, कधी सोडायचं ते हीच ठरवते. बघा, उत्तरच देत नाही." मग त्यांनी पेटीचा प्लग काढून वीज तपासायची दिव्याची सुई लावली. दिवा लख्ख पेटला. "वीज येतेय, जमिनीची तारही शाबूत. म्हणजे वायरी ठीक, पेटीच आजारी. आतला डाख तडकलाय. तापलं की जोड सुटतो, निवलं की परत चिकटतो. बस्स, एवढीच तुमची चेटकीण."

प्लग बसवून त्यांनी पाण्याची एक गार पिशवी विकत घेतली, दातांनी फोडली, आपल्या घामट फडक्यावर ओतली आणि ते फडकं पेटीवर टाकलं. प्रार्थना नाही, माइक नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "फिरव किल्ली."

इंजिन सुरू झालं.

"परत करा!" कोणीतरी ओरडलं. मॅडमनी परत केलं. गरम, बंद. गार, सुरू. तिसऱ्यांदा तर ड्रायर टपरीवाल्या बाईने स्वतः धरला आणि इंजिन बंद पडल्यावर भोवती अशी बघायला लागली की जणू तीच प्रॉफेट.

अम्पोन्साला हसू आलं नाही. तो पेटीकडे बघत होता. तिच्या कडेला पिवळ्या रंगाची फुली होती. जुने भाग विकणारे सुआमे बाजारातले दुकानदार अशी खूण करतात, म्हणजे परत आणलेला भाग आपलाच का ते कळतं. पण त्याची पेटी तर कधी बदललीच नव्हती. गाडी आली तेव्हा त्याने स्वतः सगळं पुसून काढलं होतं, फुली नव्हती. आणि त्यानंतर बॉनेटला हात लावला तो एकाच माणसाने.

"आसियामा," तो म्हणाला. "ही पेटी कुणाची?"

आसियामा एक पाऊल मागे सरकला.

"प्रॉफेटांची पिकअप अशीच बंद पडायची ना? हीच बनावट, हेच मॉडेल. मग एकाएकी बरी झाली. त्यांनी सभेत सांगितलं, भूत दुसरीकडे गेलं." अम्पोन्साने त्या फुलीवर बोट ठेवलं. "कुठे गेलं रे भूत? कुणी नेलं?"

"पेट्यांची अदलाबदल मीच केली. त्यांनी मला छावणीच्या सगळ्या गाड्यांचं काम देऊ केलं होतं," आसियामा जमिनीकडे बघत म्हणाला. "वाटलं, थोडे दिवस... मग तुला चांगली पेटी शोधून देईन. मावशीचं नाव निघेल असं नव्हतं वाटलं मला."

"निघालं तेव्हा? सकाळी ती तुझ्यासमोर बोलली तेव्हा?"

अम्पोन्साने त्याला मारलं नाही. परक्याने गळा कापला तर माणूस ओरडतो तरी.

प्रॉफेट आपल्या पिकअपमध्ये बसून निघायच्या बेतात होते, पण स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी वाट अडवली. कुणाच्या बिघाडात कुणाची आई-मावशी ओढली जाईल, हे आता प्रत्येकाला कळून चुकलं होतं. त्यांच्यादेखत प्रॉफेटांचं बॉनेट उघडलं गेलं. आतली पेटी स्वच्छ, बिनखुणेची. मॅडमनी ती काढून निळ्या पिकअपमध्ये बसवली. जुनं मॉडेल, किल्लीत चिप-बिप काही नाही, त्यामुळे इंजिनाने तिला लगेच ओळखलं. मग त्यांनी तिच्यावरही तेवढाच वेळ ड्रायर धरला. इंजिन चालतच राहिलं.

"आता ऐका," मॅडम गर्दीला म्हणाल्या. "मी ते यंत्र दुसऱ्या पेटीवरही धरलं ते का? फक्त पहिलीच उष्णतेने बंद पडते की कुठलीही पडेल, हे कळावं म्हणून. असं उलटसुलट तपासायचं. चमत्कार दिसला की विचारा, ह्यांच्याशिवाय होतो का? रुमालाशिवाय होतो का? म्हातारी गावात नसली तरी होतो का? एवढं विचारायला शाळा लागत नाही. आणि कुणावर आळ घेण्याआधी तर विचाराच."

लोकांनी माना डोलावल्या. त्यांतल्याच कित्येकांनी मघाशी 'अग्नी' म्हणून घसा बसवला होता.

अम्पोन्सा कडुनिंबाखाली गेला. "मावशी, चल घरी. गाडी बरी झाली. आसियामाने दगा दिला गं मला."

मावशीने मांडीवरची टरफलं झटकली, गाठोडं उचललं. ती त्याच्या गाडीकडे वळली नाही. अटेबुबूला तिचा भाऊ राहायचा; तिथे निघालेल्या ट्रोट्रो मिनीबसचा पोऱ्या ओरडत होता. ती तिकडे चालू लागली. तो मागे धावला, गाठोडं धरलं.

"मावशी, माझी फसवणूक झाली. मला काय माहीत होतं?"

ती थांबली. रागावलेली दिसत नव्हती, नुसती थकलेली.

"तू पंप तपासलास," ती म्हणाली. "फिल्टर बदललास, नवी बॅटरी आणलीस. गाडीचं एकेक काढून बघितलंस. मला तपासायला कोणतं यंत्र लागलं असतं रे? नुसतं समोर बसून विचारायचं होतंस."

तिने गाठोडं त्याच्या हातातून सोडवून घेतलं आणि ट्रोट्रोत चढली.