गोठ्याच्या पायरीतली चकती

कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावरचा एक जुना कॅसिनो बंद पडला, तेव्हा जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्या पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून मालकाने त्या काँक्रीटमध्ये कालवून टाकल्या. तिथल्याच एल्ड्रिन नावाच्या बाईच्या बापाने त्याच मालातून शेळ्यांच्या गोठ्याची पायरी बांधली.

अठरा वर्षांनी त्या पायरीचा सुगावा लागून वॉरन नावाचा म्हातारा दंतवैद्य बोटीतून उतरला. प्रत्येक बेटावरच्या कॅसिनोची एक चकती मिळवायची, पाकिटात घालायची आणि पुढची बोट धरायची, एवढाच त्याचा प्रवास. खेळत तो कधीच नसे. पायरी नीट करून देण्याच्या बोलीवर एल्ड्रिनने त्याला ती फोडू दिली.

"अकरा बेटं झाली," गुडघे टेकत तो म्हणाला.

"काय काय पाहिलंत?"

त्याने अकरा कॅसिनोंची नावं सांगितली.

"आणि खाल्लंत काय?"

"बोटीवर असतं ना जेवण."

एल्ड्रिनला कीव यायला हवी होती, पण आली ती शिसारी.

तासाभराने हिरवी चकती निघाली खरी, पण त्याच्याच छिन्नीने तिची कड उडाली होती. त्याने ती लेंड्यांत फेकली.

"तुटकी काय कामाची," असं म्हणून तो निघाला.

एल्ड्रिन फाटकात आडवी उभी राहिली आणि तिने सिमेंटचं घमेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"बोट पाचला सुटते, डॉक्टर. खड्डे बुजवायची सवय आहेच की तुम्हाला."

वॉरनने बाह्या वर सारल्या. पायरी वाकडी झाली, म्हणून तिने ती उकरून त्याच्याकडून पुन्हा करून घेतली.