इस्त्रीसाहेबांची नोटीस
थोरलीने लॉन्ड्रीत आलेली नोटीस वाचली ती पहिल्या ओळीपुरतीच: पुढील तपासणीपर्यंत बॉयलर बंद ठेवावा. खाली बॉयलर तपासनिसाची सही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काल सुट्टीच्या दिवशी याच माणसाने घरी येऊन तिला मागणी घातली होती. आणि तीही कशी, तर, "तुमच्या घरच्यांचं वागणं-बोलणं मला पटत नाही, पण तुमच्यापुढे माझा इलाज नाही." थोरलीने त्याला उभ्या उभ्याच वाटेला लावलं होतं. आज सकाळी ही नोटीस. सूड, दुसरं काय!

"इस्त्रीसाहेबांना नकार झोंबला, म्हणून आपली लॉन्ड्री बंद," ती इस्त्रीच्या खोलीत जाऊन म्हणाली. कायम कडक घडीत वावरणाऱ्या तपासनिसाला हे नाव तिनेच ठेवलं होतं. बारा बायका खो खो हसल्या. लॉन्ड्रीची मालकीण, म्हणजे तिची आई, सगळ्यांत मोठ्याने हसली. थोरलीने बॉयलरवाल्या काकांना बॉयलर पेटवायला सांगितलं. लोकांचा तोरा तिला लांबून दिसायचा. स्वतःचा मात्र नाही.

दोन तासांनी काका हात पुसत आले. "ताई, दाबाचा काटा लालच्या पुढे गेलाय. एव्हाना झडप उघडून वाफ सुटायला हवी होती. सुटत नाहीये."

थोरलीने नोटीस पुन्हा उघडली. सुरक्षा झडप अडकली आहे, दाब वाढल्यास वाफ बाहेर पडणार नाही. तारीख परवाची होती. म्हणजे मागणी घालायच्या आदल्या दिवशीच त्याने हे लिहून टाकलं होतं, त्यामुळे आपलीच मागणी फिसकटेल हे ठाऊक असून. बॉयलरच्या भिंतीला लागूनच इस्त्रीची खोली होती.

"काका, जाळ बंद करा आणि बाहेर पळा," म्हणत ती तिकडे धावली.

"सगळ्या बाहेर चला. बॉयलर फुटेल."

बायका उठल्या, पण आई हलेना. "त्या घमेंडखोराच्या कागदावरून चालू काम टाकायचं? सूड उगवतोय, तूच म्हणालीस ना सकाळी?" तिला बघून बायकाही थबकल्या. भिंत थरथरायला लागली होती.

"आई, मी चुकले. त्यांनी खरं लिहिलं होतं, मी वाचलंच नाही. ऊठ, तुझ्या पाया पडते."

ही पोर कधी 'चुकले' म्हणाली नव्हती. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने इस्त्री तशीच टाकली.

सगळ्या रस्त्यापलीकडे पोचतात न पोचतात तोच ती भिंत कोसळली आणि खोलीभर वाफ उसळली. आवाज ऐकून जवळच्याच कचेरीतून तपासनीस धावत आला. "आत कोणी?"

"कोणी नाही," थोरली म्हणाली.

त्याने श्वास सोडला. "नोटीस उशिरा पोचली असणार. मी स्वतःच आणून द्यायला हवी होती."

"मिळालीच नाही हो आम्हाला," आई झटकन म्हणाली. बायकांनी माना खाली घातल्या.

थोरलीने गप्प राहायचं, एवढंच बाकी होतं. लॉन्ड्रीचा परवाना शाबूत राहिला असता, आणि त्याच्या मनातलं तिचं स्थानही.

"मिळाली होती," ती म्हणाली. "सकाळीच. बॉयलर मी पेटवायला लावला."

मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. दाबाच्या काट्याचं ऐकलं तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.