मला मागून उघडा

मी या घरातलं एकुलतं एक पुस्तक बोलतोय. 'घरगुती अपघात: काय करावे, काय टाळावे' हे माझं नाव. माझा जन्मच मारझोडीतला. छापखान्यात मला दाबलं, दुमडलं, पाठीत सुया खुपसून शिवलं आणि तीन बाजूंनी पात्याखाली छाटलं.

अंग मात्र भरगच्च मिळालं. पुढे अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरणाला ठळक शीर्षक, चित्रं, चित्राखाली एकेक ओळ, जिवावरचं सांगायला काळी चौकट. आणि शेवटी सूची. कुठला शब्द कुठल्या पानावर आहे, ते ती सांगते.

सुनेला चिमी झाली तेव्हा तिच्या भावाने मला आणलं. ती सदा धास्तावलेली. पोर शिंकली तरी ही रात्रभर तिच्या उशाशी बसायची. बाकी घरात माझे हालच. नवरा माझ्याने झुरळं चेचायचा. सासूबाईंनी माझी अनुक्रमणिका टराटरा फाडून डब्याच्या तळाशी घातली. "नुसते आकडे! वाचायचंय काय त्यात?" मला मधूनच उघडलेलंही त्यांना खपायचं नाही. "पहिल्या पानापासून वाचावं. अधूनमधून तोंड मारायला ते काय ताट आहे?"

म्हणून सून ओळीवर बोट ठेवून वाचत यायची. मोडलेल्या हाडापर्यंत पोचली होती.

त्या सकाळी मोरी तुंबली. नवऱ्याने सफाईचं द्रावण पाण्याच्या बाटलीत ओतून खालीच ठेवलं. चिमीने ती तोंडाला लावली.

किंकाळी फुटली. ओठ पांढरेफटक, लाळेत रक्त. सासूबाईंनी पोरीची मान काखेत आवळली. "मिठाचं पाणी आणा रे! ओकारी काढते."

आणि सून? मला मांडीवर घेऊन सवयीने पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली. लेखकाचं मनोगत! अगं मागे जा, मागे! मी आतून ओरडत होतो.

"पोर मरतेय आणि तू वाचत बसलीस?" नवऱ्याने मला हिसकावून भिंतीवर आपटलं.

"बाटली तुम्ही भरलीत!"

त्याने तिच्या थोबाडीत अशी लगावली की ती माझ्याशेजारी येऊन पडली. माझा कणा मोडला होता आणि मी शेवटच्या पानावर उघडा पडलो होतो. तिच्या डोळ्यांसमोर एक ओळ आली: 'सफाईचं द्रावण पोटात गेल्यास, पान ५८.'

पानं भराभर उलटली. काळी चौकट. 'ओकारी काढू नका. जाताना जाळलं, ते वर येतानाही जाळेल. तोंड पाण्याने धुवा. बाटलीसकट दवाखाना गाठा.' खाली घशात बोट घातल्याचं चित्र, त्यावर लाल फुली.

सासूबाईंचं बोट चिमीच्या ओठांत शिरलंच होतं.

"आई, सोडा तिला!"

"तू मला शिकवणार?"

सुनेने मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्या मनगटावर हाणलं. पुठ्ठ्याचा कोपरा हाडात बसला. नवरा अंगावर धावून आला, तसं तिने पान त्याच्या नाकाशी धरलं. "फुली बघा! अहो, फुली तरी बघा!"

त्याने पाहिली. मग बाटली उचलली. सुनेने पोरीचं तोंड धुतलं आणि दोघं धावत सुटली.

"ओकारी काढली नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं. "मग वाचेल."

चिमी वाचली. आवाज तेवढा घोगरा झालाय. सासूबाईंनी एके दिवशी सुजल्या हाताने डब्यातली अनुक्रमणिका खरवडून काढली आणि खळ लावून मला परत चिकटवली. तिरकीच बसलीय, पण बसलीय.

नवऱ्याने माफी मागितली नाही. पण माझ्या सूचीत 'ह'च्या रांगेत सुनेने पेनाने एक ओळ वाढवलीय: 'हात उगारल्यास', आणि पुढे भावाचा फोन नंबर. नवऱ्याने ती वाचलीय.

माझी पानं आता दोऱ्याला लोंबतात. तुमच्या घरी माझं कुणी भावंड असेल, तर एवढंच सांगणं आहे. सवड असेल तेव्हा खुशाल पहिल्या पानापासून वाचा. पण घरात किंकाळी फुटली, तर त्याला मागून उघडा.